मला हरू द्या की!

लेडीज होस्टेलच्या नोटीस बोर्डावर मेस बिलाची यादी आणि कुणाच्यातरी हरवलेल्या ॲप्रनची चिठ्ठी, यांच्या मधोमध सध्या एक कागद लागलाय. गॅदरिंगच्या इनडोअर गेम्सचे नियम. त्यात बुद्धिबळाखाली चौथा नियम असा : ‘रेटेड व अनुभवी खेळाडूंना पहिल्या दोन फेऱ्यांत बाय देण्यात येईल, जेणेकरून नवीन खेळाडूंचा उत्साह टिकून राहील.’ आणि पाचवा : ‘मुलींचे सामने स्वतंत्र होतील.’

आमच्या उत्साहाची इतकी काळजी कुणाला असेल असं वाटलं नव्हतं. मेसच्या डाळीबद्दल तर कधी दिसली नाही! असो. मला या दोन्ही नियमांबद्दल थोडं भांडायचंय. मी पडले कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं भांडण संपादकांनी माझ्या वतीने आधीच करून ठेवावं ही विनंती.

आधी माझा गुन्हा सांगते.

सेकंड इयरला असताना गॅदरिंगच्या चेसमध्ये मी नाव दिलं होतं. तेव्हा सगळे एकत्रच खेळायचे. रॅपिड, प्रत्येकाला पंधरा मिनिटं. पहिल्याच फेरीत पेअरिंग लागलं ते थेट आपल्या कॉलेजच्या नंबर एकशी. फायनल इयरचा सीनियर, रेटिंग सोळाशेच्या आसपास. मी अनरेटेड. टेबलाभोवती पंधरा-वीस जण जमले होते, आणि ते काही माझा खेळ बघायला आलेले नव्हते. सोळा चाली झाल्या. माझं एक प्यादं गेलेलं, पण बाकी सगळं जागेवर होतं. आणि मी सतरावी चाल शोधत असताना त्या सीनियरने हात पुढे केला आणि म्हणाला, ‘ड्रॉ?’ त्याचे मित्र हसले. कुणीतरी म्हणालं, ‘अरे वा, जेंटलमन!’

मी हात मिळवला. टाळ्या पडल्या. रूमवर येऊन मी दोन मैत्रिणींना कॉफी पाजली, आणि रात्री मांजरसुंब्याला आबांना फोन लावला. नंबर एकशी बरोबरी म्हणजे काय थोडं झालं!

‘कितव्या चालीत?’ आबांनी विचारलं.

‘सोळाव्या.’

‘आन् मंग पुढं?’

‘पुढं काय आबा, बरोबरी झाली ना.’

‘आगं, सोळा चालीत तर गडी आत्ता कुठं मांडून व्हतेत,’ आबा म्हणाले, आणि फोन आजीकडे दिला.

आबा म्हणजे माझ्या आईचे वडील. मांजरसुंबा ज्यांना माहीत नाही (म्हणजे जे कधी सोलापूर-धुळे हायवेने एस.टी.त झोपून गेलेत) त्यांच्यासाठी : बीडहून सोलापूरकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर घाट चढून बालाघाटाच्या माथ्यावर हे गाव लागतं. खरं म्हणजे गावापेक्षा चौकच जास्त. एक रस्ता बीडला, एक चौसाळ्यावरून सोलापूरला, एक नेकनूर-केज करत अंबाजोगाईला आणि एक पाटोद्याकडून नगरला. म्हणजे आता अहिल्यानगरला. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघालेली कुटुंबं ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून याच चौकातून जातात, आणि कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारच्या दिंड्या. इतकी वाहनं म्हटल्यावर पंक्चर आलंच. माझ्या मामाचं तिथे पंक्चरचं दुकान आहे. आणि दुकानाच्या बाजूला, पत्र्याच्या सावलीत, एका उलट्या क्रेटवर आबांचा बुद्धिबळाचा पट.

गिऱ्हाईक थांबलंय तोवर त्याच्याशी एक डाव. मोटरसायकल असली तर दहा-पंधरा मिनिटं, ट्रक असला तर निवांत. जॅक लावला, चाक उतरवलं, ट्यूब टबात बुडवून बुडबुडे बघितले, पॅच मारला, हवा भरली. कॉम्प्रेसर बंद झाला की डाव बंद! आणि डाव अर्धा असेल तर उठणारा हरला, असा आबांचा कायदा. म्हणजे घड्याळ फक्त समोरच्याला, आबांना घड्याळच नाही. जगात कुठल्याही आर्बिटरने हा नियम चालवून घेतला नसता. पण एकदा एक ड्रायव्हर गाडी तयार होऊनही जागचा हलला नव्हता. मागे ट्रकमधली माणसं ओरडत होती, मामा पैशासाठी उभा, आणि हा गडी हत्ती कुठे न्यावा या विचारात. रॅपिड म्हणजे काय ते मी तिथे शिकले.

शाळेच्या चेस क्लबात मी क्वीन, बिशप, रुक शिकले होते. सुट्टीत इकडे आले की त्याच सोंगट्या वजीर, उंट आणि हत्ती व्हायच्या. बिशपला उंट म्हणताना मला आमच्या सिस्टर आठवून हसू यायचं. पटावरचा एक काळा उंट हरवलाय, त्याच्या जागी व्हॉल्व्हची टोपी आहे.

मुद्दा असा की या आबांनी मला कधीही, एकदाही जिंकू दिलं नाही. नऊ वर्षांची असताना मी रडून पट उधळला होता. आजी चिडली, ‘आवो, लेकरासाठी हरा की येकदा.’ आबा सोंगट्या गोळा करत म्हणाले, ‘मंग ती खेळलीच न्हाई म्हनायची.’ तेव्हा मला ते फार दुष्ट वाटले होते.

यानंतरची गोष्ट २८ जुलै २०२५ ची. दुसऱ्या दिवशी नागपंचमी, म्हणून आई माहेरी निघाली आणि मी सोमवारचं प्रॅक्टिकल बुडवून तिच्याबरोबर. (सर, ते मी नंतर रिपीट केलंय, जर्नल चेक झालंय.) आईचा भावासाठीचा उपवास, मामी दुसऱ्या दिवशीच्या दिंडांसाठी पुरणाची तयारी करतेय, शेजारच्या पोरी मेंदीचे कोन घेऊन बसल्यात. आणि मी आणि आबा दुकानाच्या पत्र्याखाली मोबाईल क्रेटला टेकवून जॉर्जियातल्या बाटुमीची मॅच बघतोय. महिला विश्वचषकाची फायनल. दोन्हीकडे भारतीय. एकीकडे आंध्रची कोनेरू हम्पी, दुसरीकडे नागपूरची दिव्या देशमुख.

ज्यांना चेसमधलं काही कळत नाही त्यांनी फक्त ही तफावत बघावी. हम्पी २००२ साली ग्रँडमास्टर झाली, वयाच्या पंधराव्या वर्षी, भारतातली पहिली महिला ग्रँडमास्टर. दिव्याचा जन्म डिसेंबर २००५ चा. म्हणजे ही जन्मायच्या तीन वर्षं आधी ती ग्रँडमास्टर होती! शिवाय रॅपिड हा हम्पीचा घरचा प्रांत. २०१९ मध्ये मॉस्कोला आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्कला ती रॅपिडची विश्वविजेती झाली होती. दिव्या बाटुमीला गेली तेव्हा इंटरनॅशनल मास्टर होती, पंधरावं सीडिंग. ग्रँडमास्टर व्हायला एरवी तीन नॉर्म आणि २५०० रेटिंग लागतं. तिच्याकडे एकही नॉर्म नव्हता.

क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते. पहिल्यात तर दिव्याचा डाव चांगला वरचढ होता आणि हातातून निसटला. मग सोमवारी टायब्रेक, पंधरा मिनिटांचे दोन रॅपिड डाव, प्रत्येक चालीला दहा सेकंद वाढीव. हे दहा सेकंदांचं प्रकरण आबांना अजिबात पटलं नाही. ‘चाल केली म्हणून बक्षीस?’ ते म्हणाले. पहिला रॅपिडही बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. आबा क्रेटवरच्या पटावर एकेक चाल मांडत होते, काळ्याच्या उंटाच्या जागी ती व्हॉल्व्हची टोपी. मध्येच एक मोटरसायकलवाला आला, तोही मागे उभा राहून बघायला लागला, आणि मामा त्याचं पंक्चर काढून मोकळा झाला तरी तो हलेना.

डाव लांबला. घड्याळं खाली उतरली, चुका झाल्या, डाव इकडून तिकडे झुकला. शेवटी हम्पीने डाव सोडला. दिव्या जागेवरच रडायला लागली आणि मग आईला बिलगली. ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली, कारण या स्पर्धेच्या विजेतीला तो किताब थेट मिळतो. एकोणीस वर्षांची पोरगी. माझ्याच वयाची. मी प्रॅक्टिकल बुडवून बघतेय आणि ती जग जिंकतेय, असाही एक विचार येऊन गेला.

पण मला त्या संध्याकाळी वेगळंच काहीतरी टोचत होतं. चार डावांत त्या दोघींपैकी कुणीही कुणावर उपकार केले नव्हते. हम्पीने ‘लहान आहे, आपल्याच देशाची आहे’ म्हणून हात सैल सोडला नाही. आणि दिव्याने ‘एवढी मोठी खेळाडू, हिची शोभा कशाला करायची’ म्हणून जिंकत आलेला डाव सोडून दिला नाही. म्हणून तर तो किताब तिचा आहे. हम्पीने जरा दया दाखवली असती तर दिव्याकडे आज चषक असता, पण तिला स्वतःलाच कळलं नसतं की आपण जिंकलो की आपल्याला जिंकवलं.

मला माझ्या त्या अर्ध्या गुणाबद्दल नेमकं हेच कळत नाही.

काही जण म्हणतील, रॅपिड म्हणजे सगळा नशिबाचा खेळ, घाईत मोठाही चुकतो आणि छोट्याचं फावतं. हा आपल्याकडचा आवडता फंडा. पण मग हेही बघा. २०२३ मध्ये कोलकात्याला टाटा स्टीलची रॅपिड स्पर्धा झाली, त्यात महिलांमध्ये दिव्या शेवटच्या सीडिंगची होती. विश्वविजेती जू वेनजुन खेळत होती, हम्पी होती, हरिका होती. दिव्याने हम्पी आणि हरिका दोघींना हरवलं, जू वेनजुनशी बरोबरी केली आणि स्पर्धा जिंकली. दोन वर्षांनी बाटुमीतही हरिका रॅपिड टायब्रेकमध्येच तिच्याकडून हरली. इतक्या वेळा पडतं ते नशीब नसतं. आणि घाईचा फायदा फक्त छोट्याला होतो हेही खरं नाही. ज्याने आयुष्यभर हजारो डाव बघितलेत त्याला पंधरा मिनिटांत जास्त दिसतं. विश्वनाथन आनंद २०१७ च्या डिसेंबरमध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, रॅपिडचा विश्वविजेता झालाच की.

आता थोडं गणित, आपण इंजिनियर आहोत म्हणून. रेटिंगची ही पद्धत अर्पाद एलो नावाच्या प्राध्यापकाने बसवली. मूळचा हंगेरीचा, अमेरिकेत फिजिक्स शिकवायचा. १९७० मध्ये जागतिक संघटनेने ती स्वीकारली. तिचं म्हणणं साधं आहे. दोघांच्या रेटिंगमध्ये २०० चा फरक असेल तर शंभर डावांत वरचा साधारण ७६ गुण घेईल, खालचा २४. फरक ४०० चा असेल तर ९१ आणि ९. हम्पी आणि दिव्यामध्ये तेव्हा क्लासिकलला साधारण ८० चा फरक होता, म्हणजे ६१ आणि ३९. बघा, कुठेही शून्य नाही. ४०० नी मागे असलेल्यालाही शंभरात नऊ गुण आहेत. बरोबरी हा अर्धा गुण, तोही यात धरलाय. पण हे नऊ गुण खेळून मिळवायचे आहेत. जो बसलाच नाही, किंवा ज्याला सोळाव्या चालीत हात पुढे केला गेला, तो या गणितात येतच नाही.

म्हणून तो चौथा नियम. आपण स्विस पद्धतीने खेळतो. त्यात पहिल्या फेरीत वरच्या अर्ध्याची गाठ खालच्या अर्ध्याशी घालतात. बत्तीस खेळाडू असतील तर एक नंबरला सतरावा, दोनला अठरावा. म्हणजे पहिली फेरी विषमच असते, मुद्दाम तशी ठेवलेली असते. ती काढून टाकली तर तगडे खेळाडू न खेळता दोन गुण घेऊन खुर्चीत बसणार, आणि आमच्यातला एखादा नवखा दोन डाव घाम गाळून तेच दोन गुण मिळवणार. आणि वर म्हणायचं, हे तुमच्या उत्साहासाठी!

इथे मला माझ्या रूममेटचीही बाजू मांडली पाहिजे, नाहीतर ती मला रात्री झोपू देणार नाही. ती फर्स्ट इयरला पहिल्याच फेरीत सहा मिनिटांत हरली आणि त्यानंतर तिने पटाला हात लावलेला नाही. ती म्हणते, तुझ्या आबांनी तुला हरवलं ते आबा होते म्हणून, अनोळखी पोरगा दहा जणांसमोर सहा मिनिटांत उडवतो तेव्हा वेगळं वाटतं. खरं आहे. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण मी तिला विचारलं, त्या मुलाने डाव झाल्यावर तुझं कुठे चुकलं ते दाखवलं का? तर नाही, तो उठून चहाला गेला. मोठ्या स्पर्धांत डाव संपल्यावर दोघे खेळाडू तिथेच बसून चाली परत मांडतात, हे मी कितीदा बघितलंय. बाय देण्यापेक्षा हा नियम करा ना : जिंकणाऱ्याने हरणाऱ्याबरोबर पाच मिनिटं बसायचं. आणि फरक कमीच करायचा असेल तर सरावाच्या वेळी उघडपणे करा. घड्याळात तगड्याला पाच मिनिटं, नवख्याला पंधरा. त्यात काही लपवाछपवी नाही, दोघांनाही माहीत असतं किती सवलत दिलीय. सीनियरच्या त्या ‘ड्रॉ?’ मध्ये किती सवलत होती ते मला आजही माहीत नाही.

पाचव्या नियमाबद्दल लिहायला बसले तर अंक पुरायचा नाही. फक्त एक सांगते. १९७६ साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरल्या, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, आणि जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी मुलींना अशा स्पर्धांत अडवता येणार नाही असा निर्णय दिला. त्याला पन्नास वर्षं झाली. महिलांच्या वेगळ्या स्पर्धा जगात आहेत, दिव्याने जिंकली तीही तशीच, त्याला माझी ना नाही. पण तिथे खुल्या गटाचं दारही उघडं असतं. आपल्या कागदावर ते बंद केलंय. २०२४ च्या सुरुवातीला नेदरलँड्समध्ये खेळून आल्यावर दिव्यानेच लिहिलं होतं, की प्रेक्षक तिच्या खेळापेक्षा कपडे, केस आणि बोलण्याची ढब याच गोष्टी बघत होते. ‘अरे वा, जेंटलमन’ म्हणणाऱ्याने माझा डाव तरी कुठे बघितला होता?

पंचमीच्या दिवशी दुपारी, दिंडं खाऊन सगळे आडवे झाल्यावर, मी आबांच्या पटावर माझा तो डाव मांडला. सोळा चाली पाठ होत्या. आबांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, ‘त्याच्या बाजूनं मी बसतो.’ मी सतरावी चाल केली, घोडा पुढे घेतला. बाहेर झोक्यावरच्या पोरींचा आरडाओरडा चालू होता. तेहतिसाव्या चालीला मी हरले. पण त्याआधी, चोविसाव्या चालीला आबा चांगली पाच मिनिटं थांबले होते, मिशीवरून हात फिरवत. आबा असे थांबलेले मी फार कमी वेळा बघितलेत.

तो सीनियर आता पास आऊट होऊन पुण्यात नोकरीला लागलाय. हा अंक त्याच्या पत्त्यावर पाठवावा असं मी संपादकांना सांगून ठेवलंय. दादा, राग नाही. गॅदरिंगला येणार असशील तर सांग. पट मी आणते, सोळा चाली मला अजून पाठ आहेत, आणि चाल माझी होती.